सुई काढायच्या आधी तारीख विचारणारं क्लिनिक : एमएस असलेल्यांसाठी रिव्ह्यू

क्लिनिकचं नाव लिहीत नाहीये, ते आधीच सांगते. कौतुकही करायचंय आणि तक्रारीही आहेत, आणि मला ना कोणाची जाहिरात करायचीय ना कोणाच्या पोटावर पाय द्यायचाय. पुण्यात कोथरूड बाजूला आहे, पहिला मजला, मोठ्या माणसांना लसी देणारं, खाली मेडिकल आणि शेजारी पोळीभाजी केंद्र. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस असलेल्या माणसाने लसी घ्यायला कुठे जावं आणि तिथे गेल्यावर काय बघावं हे मला एप्रिलमध्ये कोणीतरी सांगायला हवं होतं, कोणी सांगितलं नाही, म्हणून लिहितेय. स्टार द्यायचे तर पाचपैकी चार. पाचवा जिन्याने खाल्ला, त्याच्यावर येतेच.

आधी थोडं माझं. २०२५ च्या फेब्रुवारीत डावा डोळा दुखायला लागला, इकडेतिकडे फिरवला की जास्तच. मला वाटलं लॅपटॉपमुळे. मग एक दिवस सकाळी देवघरातलं कुंकू उजव्या डोळ्याने लालभडक आणि डाव्याने विटकरी दिसायला लागलं, मी एकेक डोळा झाकून चार वेळा बघितलं, सासूबाई म्हणाल्या कुंकवात भेसळ असेल. भेसळ नव्हती, डोळ्याच्या नसेला सूज होती. मग एमआरआय, मग पाठीतलं पाणी काढणं, मग पाच दिवस स्टिरॉइडची सलाईन, आणि शेवटी ते दोन अक्षरी नाव. आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं मायलिनचं आवरण कुरतडते, इतकं आता मला झोपेतही सांगता येतं.

न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, जूनमध्ये रिटुक्सिमॅब सुरू करू, त्याच्या आधी लसी आटपून या. भारतात एमएसला हे औषध भरपूर वापरतात कारण इथे बनतं आणि त्यातल्या त्यात परवडतं. ते शरीरातल्या बी पेशी जवळजवळ पुसून टाकतं, आणि लस घेतल्यावर अँटिबॉडी बनवायचं काम ह्या बी पेशींचंच, म्हणजे औषध आधी आणि लस मागून असं झालं तर सुई टोचल्याचं दुखणं फक्त पदरात पडतं, फायदा फारच थोडा. हे सरांनी दोन मिनिटांत सांगितलं, चिठ्ठीवर पाच नावं खरडली आणि पुढचा पेशंट आत आला. त्यांचाही दोष नाही, बाहेर चाळीस माणसं होती.

आता गंमत बघा. घराजवळचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, एमएसमध्ये लस? मुळीच नको, प्रतिकारशक्ती आधीच पिसाळलीय, तिला अजून कशाला डिवचायचं. दुसरीकडे एका मोठ्या हॉस्पिटलच्या लसीकरण काउंटरवर गेले तर तिथे छापील 'ॲडल्ट पॅकेज' होतं, त्यात एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) पण होती आणि कांजिण्यांची पण, आणि सिस्टरने माझी फाईल उघडलीसुद्धा नाही, थेट बाही वर करा म्हणाल्या. मी विचारलं यातली जिवंत विषाणूची कुठली, तर म्हणे सगळ्या लसी चांगल्याच असतात मॅडम. बाही खाली केली आणि घरी आले. एक म्हणतो काहीच घेऊ नका, दुसरा म्हणतो सगळंच घ्या. दोघांनीही एक साधा प्रश्न विचारला नव्हता, की बाई तुमचं औषध सुरू कधी होणार आहे.

या क्लिनिकमध्ये डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न तोच विचारला. मी अजून खुर्चीत नीट बसलेही नव्हते. दुसरा प्रश्न, स्टिरॉइडचा शेवटचा डोस कोणत्या तारखेला. तिसरा, आत्ता काही नवीन त्रास चालू आहे का, कारण अटॅक, म्हणजे एमएसचा त्रास एकदम उफाळणं, चालू असताना शक्यतो थांबतात, तो ओसरला की देतात. चौथा, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का. मग एक कोरा कागद घेऊन त्याच्या उजव्या टोकाला '१२ जून, रिटुक्सिमॅब' असं लिहिलं आणि तिथून उलट्या दिशेने आठवडे मोजत आल्या. लग्नाचा मुहूर्त धरून केळवणं ठरवतात ना, अगदी तसं. मला त्या कागदाने जेवढा धीर दिला तेवढा एमआरआयच्या रिपोर्टपासून कशानेच दिला नव्हता.

तर त्यांचा हिशोब असा. जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूंच्या लसी, म्हणजे एमएमआर, कांजिण्या, यलो फीवर, तोंडातून द्यायचा पोलिओ, नाकात मारायची फ्लूची, या असल्या औषधांच्या आधी निदान चार ते सहा आठवडे घ्याव्या लागतात, आणि एकदा औषध सुरू झालं की बंद. मोठ्या डोसाचं स्टिरॉइड झालं असेल तर त्याच्यानंतरही महिनाभर नाहीत, म्हणजे त्या काउंटरवर मी बाही वर ठेवली असती तर काय झालं असतं कोण जाणे. बाकीच्या, म्हणजे मेलेल्या विषाणूच्या किंवा नुसत्या तुकड्यांच्या लसी, एमएसमध्ये चालतात, त्यांच्यात आजार करणारं जिवंत काही नसतंच, पण त्याही रिटुक्सिमॅबच्या चार आठवडे आधी संपल्या तर बऱ्या, अंगाला अँटिबॉडी बनवायला वेळ मिळतो. आणि एक गोष्ट त्यांनी ठासून सांगितली जी मला महत्त्वाची वाटते, की लसींसाठी एमएसचं औषध उगाच लांबवायचं नाही, कोणाचा आजार जोरात असेल तर न्यूरोलॉजिस्ट म्हणतील ते आधी, लसी मागून बघू.

त्या दिवशी टोचलं काहीच नाही, फक्त रक्त काढलं. हिपॅटायटिस बी च्या तीन तपासण्या, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, टीबीची रक्ततपासणी आणि कांजिण्यांच्या अँटिबॉडी. हिपॅटायटिस बी वर एवढा भर का तर तो विषाणू काहींच्या लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं गुपचूप बसलेला असतो आणि रिटुक्सिमॅब दिलं की उठतो, जिवावर बेतू शकतं, म्हणून ही तपासणी केल्याशिवाय ते औषध देतच नाहीत. टीबीचं तर आपल्याकडे सांगायलाच नको. माझं सगळं स्वच्छ निघालं. कांजिण्यांच्या अँटिबॉडी भरपूर होत्या, तिसरीत असताना साताऱ्याला मामाकडे सुट्टीभर कडुनिंबाच्या पाल्यावर झोपून काढली होती ती कामाला आली. नसत्या तर ती जिवंत लस दोन वेळा, मध्ये महिनाभराचं अंतर, वर परत थांबायचं, म्हणजे जून हातचा गेला असता. हिपॅटायटिस बी ची मात्र अँटिबॉडी शून्य.

मग १९ एप्रिलला न्यूमोनियाची आणि हिपॅटायटिस बी ची पहिली, २६ ला हिपॅटायटिसची दुसरी आणि फ्लूची, १० मे ला हिपॅटायटिसची तिसरी. हिपॅटायटिसची नेहमीची पद्धत शून्य, एक आणि सहा महिने अशी असते, पण तेवढा वेळ नव्हता, म्हणून घाईचं वेळापत्रक घेतलं, शून्य, सात आणि एकवीस दिवस, आणि वर्षाने एक पक्की करायला. हे ठरवताना मॅडमनी माझ्यासमोर न्यूरोलॉजिस्टना फोन लावला. दोन डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलतायत हे दृश्य मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, एक स्टार फक्त त्याचा.

दरवेळी बॉक्स दाखवणार, एक्सपायरी वाचून दाखवणार, फ्रिजचं तापमान बाहेर डिस्प्लेवर, बॅच नंबरचा स्टिकर कार्डावर चिकटवणार आणि अर्धा तास बसवून ठेवणार. एवढं तर सगळीकडेच हवं, पण नसतं.

आता त्या दिवसाची गोष्ट जी मला खरं तर लिहायचीच होती. १९ एप्रिलला सोबत सासरे आले होते, आप्पा, वय पंच्याहत्तर, मूळचे कराडकडचे. त्यांचा या लसीकरणालाच विरोध. गाडीत गप्प, जिन्यात गप्प, आणि आत गेल्यावर एकदम मॅडमना म्हणाले, तुम्ही शिकलेल्या आहात पण मी डोळ्यांनी बघितलंय, आमच्या आळीतल्या एकाला कुत्रं चावलं, पोटात चौदा इंजेक्शनं घेतली, आणि कुत्र्याने नाही, इंजेक्शनांनी त्याचे पाय गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला वाटलं आता मॅडम ते ठेवणीतलं हसू हसणार, काका तसं काही नसतं म्हणून.

मॅडम म्हणाल्या, काका, तुम्ही बघितलंत ते खरं असणार.

आणि मग बाहेर दोन पेशंट ताटकळत असताना त्यांनी सांगितलं ते असं. रेबीजची ती जुनी लस डेव्हिड सेंपल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १९११ मध्ये आपल्या कसौलीला तयार केली. मेंढीला रेबीजची लागण करायची, तिचा मेंदू काढायचा, कार्बोलिक ॲसिडने त्यातला विषाणू मारायचा आणि ते मिश्रण रोज पोटाच्या कातडीखाली टोचायचं. त्या लसीने असंख्य लोकांचे जीव वाचले कारण रेबीज झाला की माणूस वाचत नाही. पण मेंदू म्हटला की त्यात मायलिन आलंच. रोज मायलिन टोचत राहिलं की काही लोकांची प्रतिकारशक्ती त्या मेंढीच्या मायलिनवर तुटून पडायची आणि त्याच झपाट्यात स्वतःच्या नसांवरचंही सोलून काढायची. कोणाचे पाय जायचे, कोणाची लघवी अडायची, कोणी दगावायचंसुद्धा. विषाणूचा संबंधच नाही, घात करायचा तो मेंदूचा भाग. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये थॉमस रिव्हर्स यांनी नेमकं हेच तपासायला माकडांना सशाच्या मेंदूचा अर्क परत परत टोचला आणि माकडांच्या मेंदूत मायलिन गेल्याचे तसेच डाग पडले, आणि एमएसवरची औषधं आजही ज्या प्राण्यांवरच्या प्रयोगांतून जातात त्यांचं मूळ तिथे आहे. म्हणजे आप्पांच्या आळीतल्या त्या माणसाचे गेलेले पाय आणि मला मिळणारं औषध यांच्यात लांबचं का होईना नातं आहे, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

ती लस भारतात २००४ च्या अखेरपर्यंत बनत होती बरं का. आता रेबीजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर करतात, दंडात देतात, तिच्यात मेंदू नसतो, आणि एमएस असो नाहीतर रिटुक्सिमॅब चालू असो, कुत्रं चावलं तर ती घ्यायचीच, त्यात विचार करायला जागा नाही. फक्त डॉक्टरांना औषधाचं नाव सांगायचं म्हणजे ते इम्युनोग्लोब्युलिनचं आणि जादा डोसचं बघतात. पुण्यातली कुत्री बघता हे वाक्य मी फ्रिजवर चिकटवलंय.

आप्पा काही बोलले नाहीत. घरी येताना म्हणाले, बाईने खोटं पाडलं नाही मला. त्यानंतर स्वतःहून फ्लूची लस घेतली त्यांनी. माझ्या घरच्यांनी घेतलेली बरी असं मॅडम म्हणाल्याच होत्या, कारण माझ्या अंगात लस नीट नाही लागली तरी घरात फ्लू येणारच नाही असं बघायचं. लेकीचे कांजिण्यांचे दोन्ही डोस झालेत का तेही विचारलं.

दुसरी भीती माझी स्वतःची होती, हिपॅटायटिस बी ची. चुलत जावेने एक फॉरवर्ड पाठवला होता की फ्रान्समध्ये या लसीने लोकांना एमएस झाला म्हणून सरकारने बंद केली. मॅडम म्हणाल्या, अर्धं खरं आहे. फ्रान्सने १९९४ ला मोठी मोहीम काढली, कोट्यवधी लोकांनी लस घेतली, त्यात तरुण माणसंही खूप होती, आणि एमएस सुरू होण्याचं वयच ते, त्यामुळे लसीनंतर एमएस झालेले लोक दिसायला लागणारच होते. गदारोळ झाला आणि ऑक्टोबर १९९८ मध्ये शाळांमधली मोहीम थांबवली. मग अभ्यास झाले. २००१ मध्ये एकाच वेळी दोन छापून आले, एक अमेरिकेतल्या नर्सेसचा, त्यात हिपॅटायटिस बी ची लस आणि एमएस यांचा संबंध दिसला नाही, दुसरा युरोपातल्या एमएस पेशंटचा, त्यात लसींनंतर अटॅक वाढलेले दिसले नाहीत. २००४ ला ब्रिटनमधल्या एकात उलटं निघालं, पुढच्या मोठ्या अभ्यासांत ते टिकलं नाही. त्यांनी ते २००४ चं लपवलं नाही हे मला आवडलं. लपवलं असतं तर जावेने दुसऱ्या दिवशी तेच पाठवलं असतं.

आणि मग मी तो प्रश्न विचारला जो सगळे नातेवाईक मला विचारतात. २०२१ ला कोविशील्ड घेतली त्याने तर नाही ना झालं? मॅडम म्हणाल्या त्या लसीचा रक्ताच्या गुठळ्यांचा दुर्मिळ त्रास खरा आहे, पण तुमचं दुखणं त्यातलं नाही, एमएसचं बी फार आधी पडलेलं असतं. आणि त्यांनी ईबीव्हीचं सांगितलं. एपस्टाईन बार व्हायरस, १९६४ मध्ये आफ्रिकेतल्या मुलांच्या गाठींमध्ये सापडला, थुंकीतून पसरतो, मोठ्या झालेल्या दहातल्या नऊहून जास्त लोकांच्या अंगात असतोच आणि एकदा आला की जन्मभर मुक्काम. कुठे राहतो तर बी पेशींत. म्हणजे माझं औषध ज्या पेशी पुसतं त्याच, पण औषध काम करतं ते त्यामुळेच असं अजून कोणी छातीठोक म्हणत नाही.

२०२२ मध्ये हार्वर्डच्या अल्बेर्तो अशेरिओ यांच्या टीमचा अभ्यास आला तो ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेच्या सैन्यात नेमाने रक्त तपासतात आणि नमुने जपून ठेवतात. एक कोटीहून जास्त सैनिकांत ९५५ जणांना पुढे एमएस झाला. ज्यांचे नमुने मिळाले अशा ८०१ पैकी ३५ जणांच्या पहिल्या रक्तात ईबीव्ही नव्हता, आणि त्यातल्या ३४ जणांना एमएस दिसायच्या आधी ईबीव्हीची लागण झालेली होती. आठशे एकात एकच सुटा. लागण झाल्यावर धोका ३२ पट. त्याच थुंकीतून पसरणाऱ्या सीएमव्ही नावाच्या दुसऱ्या विषाणूने मात्र धोका वाढलेला दिसला नाही. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या लोकांनी दाखवलं की या विषाणूचं एक प्रोटीन आणि मेंदूतलं एक प्रोटीन यांचे तुकडे इतके सारखे आहेत की एकासाठी बनलेली अँटिबॉडी दुसऱ्यालाही चिकटते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं.

मग मी म्हटलं दहातल्या नऊ जणांना आहे तर सगळ्यांना एमएस का नाही? तर म्हणाल्या विषाणू लागतो, पण तेवढ्याने भागत नाही, जनुकं, ड जीवनसत्त्व, सिगरेट, आणि लागण कोणत्या वयात झाली ते. आपल्याकडे बाळपणीच होऊन जाते, कोणाला कळतही नाही. तिकडे अमेरिका-युरोपात बऱ्याच जणांना कॉलेजच्या वयात होते आणि मग गळ्यात गाठी, महिनाभर ताप, आणि अशांना एमएसचा धोका जास्त दिसतो. मला अकरावीत असाच महिनाभर ताप आला होता, टायफॉइड म्हणून औषधं चालू होती. असेल, नसेल. आता कोण सांगणार. मुंबई-पुण्यातल्या पारशी लोकांत एमएस आपल्यापेक्षा जास्त दिसतो असं ऐंशी-नव्वदच्या सुमाराला इथल्याच डॉक्टरांनी नोंदवलंय, म्हणजे गाव तेच, पाणी तेच, तरी फरक. ईबीव्हीवर लस अजून बाजारात नाही, माणसांवर चाचण्या चालू आहेत. लेकीसाठी त्या बातमीवर माझा डोळा आहे. दोन्ही डोळे, आता डावाही बरा आहे.

आता १९ तारखेची रात्र. संध्याकाळी थंडी वाजली, ताप १००.६, आणि साडेआठला टीव्हीवरची अक्षरं डाव्या डोळ्याने पुसट. माझ्या पोटात गोळा. झालं, लसीने अटॅक आणला, फॅमिली डॉक्टर बरोबर होते, जाऊबाई बरोबर होत्या. नवरा गाडीची किल्ली घेऊन उभा. पण सकाळीच मॅडमनी कागदावर लिहून दिलं होतं, ताप आला की जुनं दुखणं डोकं वर काढू शकतं, घाबरायचं नाही. याला उटहॉफ म्हणतात, १८९० मध्ये एका जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी नोंदवलेलं, की ज्या नसेचं आवरण एकदा गेलंय तिच्यातून अंग गरम झालं की संदेश नीट जात नाही, गार झालं की परत सुरू. नवीन डाग पडत नाही. व्यायाम, उन्हात फिरणं, गरम पाण्याची अंघोळ, कशानेही होतं. क्लिनिकच्या नंबरवर फोन केला, तिसऱ्या रिंगला उचलला, मॅडमनी स्वतः. पॅरासिटामॉल घ्या, पंखा लावा, ताप उतरल्यावरही चोवीस तासांहून जास्त राहिलं तर न्यूरोलॉजिस्टना कळवा, आधी नाही. सासूबाईंनी मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या. सकाळी सहाला उठून आधी देवघरात गेले. कुंकू दोन्ही डोळ्यांनी लाल.

याच्यावरून एक सांगते कारण एमएसवाल्यांच्या ग्रुपवरच्या कितीतरी जणींचं असं झालेलं आहे. खरे अटॅक सर्दी-पडशानंतर, इन्फेक्शननंतर जास्त येतात हे जुन्या अभ्यासांतही दिसलंय, आणि फ्लूची लस घेऊन अटॅक वाढत नाहीत हेही. म्हणजे ज्याची भीती बाळगायची ते सोडून आपण भलत्यालाच घाबरतो. आणि पाय अचानक जड झाले तर स्टिरॉइडच्या आधी लघवी तपासा, एमएसमध्ये लघवीचं इन्फेक्शन वारंवार होतं आणि ते हुबेहूब अटॅकचं सोंग घेतं.

आता तक्रारी, आणि त्या किरकोळ नाहीत. पहिली, जिना. लिफ्ट नाही. एमएसचे, पार्किन्सनचे, डायलिसिसचे पेशंट जिथे येणार तिथे पहिला मजला आणि बावीस पायऱ्या, कठडाही एकाच बाजूला. माझ्यासमोर एक काका वॉकर घेऊन खाली उभे होते, शेवटी सिस्टर ट्रे घेऊन खाली गेली आणि गाडीत बसल्या बसल्या त्यांना लस दिली. कौतुक वाटलं, पण अर्धा तास निरीक्षणाला ते गाडीतच, एप्रिलच्या उन्हात. दुसरी, वेटिंग रूममध्ये एसी नाही. उटहॉफ समजावून सांगणारं क्लिनिक पेशंटला चाळीस डिग्रीत तासभर बसवतं याला काय म्हणायचं. मी दुसऱ्यांदा जाताना बर्फाच्या पाण्याची बाटली आणि ओला रुमाल घेऊन गेले, तुम्हीही न्या. अपॉइंटमेंट साडेदहाची म्हणजे सव्वाअकरा धरा. मॅडम प्रत्येकाशी बोलतात तेव्हा उशीर होणारच, माझ्या आप्पांनीच वीस मिनिटं खाल्ली, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही. रिसेप्शनवरच्या ताईंनी मात्र भर खोलीत 'ते एमएसवाले कोण' असं ओरडू नये, लोक वळून बघतात.

आणि सगळ्यात मोठी. ऑगस्टमध्ये, म्हणजे रिटुक्सिमॅब चालू झाल्यावर, त्यांच्या सॉफ्टवेअरमधून व्हॉट्सॲप आलं, 'आपली एमएमआर लस बाकी आहे, आजच अपॉइंटमेंट घ्या'. तेच मॅडम ज्याला हात लावू नका म्हणाल्या होत्या ते. मला माहीत होतं म्हणून ठीक, पण दुसरी कोणी येऊन टोचून गेली असती तर? फोन केला, मॅडमनी माफी मागितली, म्हणाल्या वयावरून आपोआप जातात मेसेज, तुमचं बंद करते. केलंही. पण माझं बंद केलं, पद्धत बदलली का ते कळलं नाही.

पैशांचं. कन्सल्टेशन आठशे, परत भेटीला घेत नाहीत. लसी एमआरपीला, सूट नाही. न्यूमोनियाची महाग, साधारण चार हजाराच्या घरात, फ्लूची दोनच्या आत, हिपॅटायटिसची स्वस्त. नागिणीची जी नवीन लस आहे, जिवंत नसलेली, ती एका डोसला दहा हजाराच्या वर आणि डोस दोन, असल्या औषधांवर असलेल्यांना ती उपयोगाची असं मॅडम म्हणाल्या, पण आत्ताच घ्या म्हणून मागे लागल्या नाहीत, आधी पैशांची जुळवाजुळव करा मग बोलू म्हणाल्या. इन्शुरन्सने एक रुपया दिला नाही, ॲडमिट नव्हते ना. तपासण्या बाहेरच्या लॅबमध्ये करा म्हणून त्यांनीच सांगितलं, स्वस्त पडल्या.

नोव्हेंबरमध्ये परत जाऊन आले, न्यूमोनियाची दुसरी लस. ती पहिलीनंतर आठ आठवड्यांनी देतात, पण ते रिटुक्सिमॅबच्या पहिल्या इन्फ्युजनच्या, म्हणजे सलाईनच्या, नेमकं पुढे-मागे येत होतं, म्हणून डिसेंबरच्या इन्फ्युजनच्या महिनाभर आधी ठेवली होती, तेव्हा आधीच्या औषधाचा जोर जरा उतरलेला असतो. यावेळी ताप आला नाही, दंड तेवढा दोन दिवस दुखला. हिपॅटायटिसची पक्की करायची लस एप्रिल २०२६ ला आहे, ती रिटुक्सिमॅबवर असताना कितपत लागू पडेल ते रक्त तपासूनच कळेल असं मॅडमनी आत्ताच सांगून ठेवलंय.

जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून लस स्टॉकमध्ये आहे का विचारा, फ्लूची मे महिन्यात संपते. फाईल न्या, एमआरआयच्या फिल्म नकोत, औषधाची चिठ्ठी आणि स्टिरॉइडच्या तारखा हव्यात. शेजारच्या पोळीभाजी केंद्रात गुरुवारी पिठलं-भाकरी असते. जिन्याला दुसरा कठडा बसवतायत म्हणे, नोव्हेंबरमध्ये भिंतीला भोकं पाडलेली दिसली, कठडा नव्हता.